सिस्टर, एक विचारू का?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात मिरजेत स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या, सांगलीच्या एक सिस्टर. पत्रलेखकांची नावं छापत नाही.)

प्रश्न : माझं वय 46. डाव्या बाजूला गाठ होती, बायोप्सीत कॅन्सर निघाला. ओपीडीतून निघताना डॉक्टर म्हणाले, "बाहेर ब्रेस्ट केअर सिस्टर बसतात, त्यांना भेटून जा." मी न भेटताच आले. या सिस्टर नेमकं काय करतात? वेगळे पैसे पडतात का? डॉक्टरांना सोडून त्यांना विचारलं तर डॉक्टर रागावतील का? — तासगाव तालुक्यातून

ताई, डॉक्टरांनीच पाठवलं होतं, मग रागावतील कशाला? वेगळी फीही माझ्या पाहण्यात कुठे घेत नाहीत. पुढच्या खेपेला भेटा. शक्य असेल तर ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधीच भेटा.

काय करतो ते सांगते. पहिली गोष्ट, तुमचा रिपोर्ट तुमच्यासोबत बसून पुन्हा वाचतो. डॉक्टरांनी सांगितलेलं असतंच, पण 'कॅन्सर' कानावर पडल्यानंतरचं फारसं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतील. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असतील तर पुढे हार्मोनला रोखणारी गोळी असते, बहुतेक वेळा निदान पाच वर्षं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्याचं वेगळं औषध आहे. शेजारणीला एक औषध आणि मला दुसरं का, याचं उत्तर बहुधा या तीन ओळींत सापडतं. त्या ओळी स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा.

दुसरं, डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवायला मदत करतो. तुमच्या पत्रात एक प्रश्न मला दिसला नाही, तो मीच देते : "माझा स्तन वाचवता येईल का?" गाठ लहान असेल आणि जागा सोयीची असेल तर फक्त गाठ काढून नंतर लाईट देतात, म्हणजे रेडिएशन. जिथे हे करता येतं तिथे आयुष्याच्या हिशेबात पूर्ण स्तन काढण्याइतकाच त्याचा निकाल लागतो, हे वीस वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांना हा पर्याय असतो हेच माहीत नसतं. मात्र लाईट साधारण तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज घ्यावी लागते. तासगावहून रोज येणं जमणार का, मिरजेत कुणाकडे राहता येईल का, हे निर्णयाच्या आधी बोलायला हवं. डॉक्टरांना तेवढा वेळ मिळेलच असं नाही. मला मिळतो, कारण माझं कामच ते आहे.

तिसरं म्हणजे कागद. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. तुमचं रुग्णालय योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा, कारण भरती झाल्यावर मंजुरीची धावपळ जास्त होते. आणि दुसरं मत घ्यायला पुण्या-मुंबईला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. तिथे तपासणी त्याच ब्लॉकवर पुन्हा करतात.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी लिहून खोडलेलं वाक्य. मला वाचता आलं. छाटणी उरकून मग ऑपरेशन केलं तर चालेल का, असं लिहिलं होतंत. द्राक्षवाल्या घरातली प्रत्येक बाई हे विचारते आणि डॉक्टरांसमोर एकही विचारत नाही. तपासण्यांत दोन-तीन आठवडे तसेही जातात, त्याने बिघडत नाही. पण माल उतरेपर्यंत थांबू असं म्हणाल तर नाही. तारीख चार दिवस मागे-पुढे करता येते का, ते तुमच्या सिस्टर डॉक्टरांशी बोलून सांगतील.

काय करत नाही तेही ऐका. औषध बदलत नाही, डोस कमी-जास्त करत नाही आणि "सगळं छान होईल" असं म्हणत नाही. धीर द्यायला तुमच्या नणंदा-जावा आहेत. माझं काम विचारायचं, बघायचं आणि योग्य माणसाकडे वेळेत पाठवायचं.

प्रश्न : सासूबाईंचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. बगलेतल्या गाठीही काढल्या आहेत. जखमेतलं पाणी काढायची नळी लावूनच घरी सोडलं. त्या हात अजिबात हलवत नाहीत, गळ्यात झोळी बांधून बसतात. भेटायला येणारे सगळे "हाताला आराम दे" म्हणतात. शिवाय त्या हातातल्या बांगड्या काढायला तयार नाहीत. — पलूसहून एक सून

झोळी आजच सोडा. खांदा आठवडाभर आखडला तर पुढे मोकळा करायला महिने लागतात. लाईट द्यायची असेल तर टेबलावर हात डोक्याच्या वर धरून निजावं लागतं, तेव्हा अडचण होते.

नळी असेपर्यंत मूठ उघडणं-मिटणं, कोपर दुमडणं, त्याच हाताने केस विंचरणं, घास घेणं एवढं करू दे. खांद्याच्या वर हात नको. नळी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. रोज पेन्सिलीने खूण करून ठेवा. आदल्या दिवशीच्या खुणेच्या वर बोट गेलं की सासूबाई कुणी न सांगता पुन्हा करतात, हे मी पाहिलेलं आहे. ओढ जाणवली तर चालते, कळ मारली तर थांबायचं.

नळीच्या डबीतलं पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून ओता आणि किती मिली ते तारखेसकट लिहा. चोवीस तासांत साधारण 30 मिलीच्या खाली आलं की नळी काढायचा विचार करतात. आकडा लिहिलेला नसला तर डॉक्टर अंदाजावर थांबतात आणि तुमची एक फेरी वाया जाते. पाणी लाल-गुलाबीवरून पिवळसर होत जातं, ते बरोबर आहे. एकदम लालभडक झालं, घट्ट आणि वास येणारं आलं, किंवा अचानक बंद होऊन जखमेखाली फुगवटा आला तर फोन करा.

बांगड्यांचं. बगलेतल्या गाठी काढल्या की त्या हातातला लसीकेचा, म्हणजे अंगातल्या पातळ द्रवाचा, निचरा कमी होतो. अशा साधारण पाचांतल्या एका बाईला पुढे हातावर सूज येते, कधी वर्षांनीसुद्धा. म्हणून त्या हातात घट्ट काही नको आणि काचेचं तर नकोच, फुटली तर जखम होते आणि जखमेतून जंतू शिरतात. सासूबाईंना "काढा" म्हणू नका, त्या ऐकणार नाहीत आणि सासरे हयात असताना तसं म्हणणंही बरं दिसत नाही. चुडा दुसऱ्या हातात भरा आणि या हातात एकच सैल पाटली ठेवा. यावर आजवर कुठल्या सासूबाई अडून बसलेल्या नाहीत.

तुमच्याकडे ऊस असेल. पाचटाने हात कापतो, तेव्हा रानात जातील तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे. बीपी आणि सुई शक्यतो दुसऱ्या हातात. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर लेप लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. अँटिबायोटिक लागतं.

प्रश्न : बायकोचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, केमोही संपली. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. पण ती बोलत नाही. कपडे बदलताना दार लावून घेते. नातेवाइकांत जायचं टाळते. मी "बरी आहेस ना" विचारलं की "बरी आहे" म्हणते. मी काय बोलावं? — विट्याहून

दादा, पत्र लिहिलंत हे बरं केलंत. नवरे सहसा लिहीत नाहीत, बायकोच्या फाइलीची पिशवी धरून दाराबाहेर उभे असतात.

"बरी आहेस ना" या प्रश्नात उत्तर आधीच घालून दिलेलं आहे. ती बिचारी तेच परत करते. असं विचारा : रात्री किती वाजता जाग येते? जेवण पूर्वीएवढं जातं का? टीव्हीवरची मालिका बघावीशी वाटते का? मी हेच विचारते. दोन आठवड्यांहून जास्त झोप मोडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं ती म्हणत असेल, तर ते दुखणं आहे आणि त्याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. विट्यात कुणी बघेल म्हणून संकोच वाटत असेल तर सांगलीला या. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारचा टेलीमानस हा फोन आहे, नंबर 14416. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मरणाचं बोलत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि तोवर एकटीला सोडू नका.

तिथे गेल्यावर एक गोष्ट आठवणीने सांगा. ती टॅमॉक्सिफेन, म्हणजे वर सांगितलेली हार्मोनला रोखणारी गोळी, घेत असेल तर मनाच्या डॉक्टरांना ते आधीच कळायला हवं. फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचं काम मंदावतं. दुसऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत, डॉक्टर त्यातली देतात, पण दोन डॉक्टर एकमेकांना ओळखत नसतात. मधला निरोप तुम्हालाच पोचवायचा आहे. तुमच्या रुग्णालयात सिस्टर असतील तर त्यांना.

इंग्लंडात मँचेस्टरला 1980 साली छापला गेलेला एक अभ्यास आहे. स्तन काढलेल्या 152 बायका त्यात होत्या. काहींना खास नर्स भेटत राहिली, काहींना नेहमीचीच सेवा मिळाली. नर्सच्या बोलण्याने बायकांचं दुःख टळलं, असं त्यात दिसलं नाही. पण कुणाचं मन आजारी पडतंय हे नर्सला वेळेत कळलं, तिने त्यांना पुढे पाठवलं, आणि वर्ष-दीड वर्षांनी नर्स भेटलेल्या बायकांमध्ये असा त्रास इतरांहून कितीतरी कमी उरला होता. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात नर्सला कुणी देवी केलेलं नाही.

आता दाराचं. दार उघडायची घाई करू नका. बऱ्याच बायकांनी आरशात स्वतःचीच जखम पाहिलेली नसते. आधी ती तिने बघायची, हवं तर सिस्टरसोबत बघायची, मग तुमची पाळी. तुम्ही एवढंच म्हणा, "तू म्हणशील तेव्हा." आणि जवळ निजायला लागा. जवळ आल्याने तिला काही होत नाही, तुम्हालाही होत नाही, हा आजार लागत नाही. तिचं ताट-तांब्या कुणी वेगळं केलं असेल तर ते आज एकत्र करा. पाळी अजून येत असेल तर दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्या, टॅमॉक्सिफेनवर असताना गर्भ राहणं धोक्याचं आहे. गर्भनिरोधक गोळ्या मात्र चालत नाहीत, त्यांत हार्मोन असतं. निरोध किंवा तांबी.

नातेवाइकांत न जाण्याचं कारण कधीकधी अगदी साधं निघतं : ब्लाउज एका बाजूला बसत नाही. जखम भरल्यावर वजनाचं सिलिकॉनचं पॅड मिळतं, ते खास ब्रेसियरच्या खिशात बसतं. महाग वाटलं तर कापडी पॅड शिवून घेता येतं, पण त्यात थोडं वजन हवं, नाहीतर ते वर सरकत राहतं. तिला विचारून बघा. नाहीतर तुमच्या वहिनींना विचारायला सांगा.

प्रश्न : आमचा हळदीचा व्यापार आहे. हळदीत कॅन्सर मारण्याचा गुण आहे असं सगळीकडे वाचतो. बहिणीला केमोऐवजी हळदीचे कॅप्सूल सुरू करावेत का? — सांगली, मार्केट यार्ड

नाही. भाऊ, सांगलीची हळद मीही अभिमानाने खाते. आमटीत, दुधात असते तेवढ्याला कुणाची हरकत नाही. कॅप्सूलमध्ये तिचा अर्क कितीतरी पटीने असतो आणि केमोच्या औषधांशी त्याची गडबड होऊ शकते, म्हणून केमोसोबतसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. केमोऐवजी तर विषयच नाही. गाठ वाढू देऊन चार महिन्यांनी येणारे लोक आम्ही बघतो, आणि तेव्हा पर्याय कमी उरलेले असतात. आणखी एक, लाईट चालू असताना त्या कातडीवर हळद, लेप, उटणं काहीही लावायचं नाही.

प्रश्न : आईचा दुसरा केमो झाला. मिरजेहून गावी यायला अडीच तास लागतात. नवव्या दिवशी रात्री ताप आला, गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सकाळी उतरला. पुढच्या वेळी असं झालं तर सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? — जत तालुक्यातून

थांबायचं नाही. या उत्तराचं कात्रण फ्रिजवर चिकटवा.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तुमचा नववा दिवस नेमका त्यातला. तेव्हाचा ताप म्हणजे अंगात जंतू पसरत असतील असं धरूनच चालायचं. डिजिटल थर्मामीटर घरात ठेवा. 100.4 किंवा वर दिसलं, किंवा ताप नसूनही थंडी वाजून अंग थरथरलं, तर क्रोसिन देऊन वाट बघू नका. गोळीने आकडा खाली येतो, जंतू तिथेच राहतात. कमरेत इंजेक्शन घेऊन घरी परतणंही नको. शिरेतून अँटिबायोटिक लागतं आणि ते तासाभरात सुरू व्हावं अशी आमची धडपड असते. तुम्हाला अडीच तास प्रवासाचेच आहेत, म्हणून निघण्यात वेळ घालवू नका.

आमच्या नंबरवर फोन करा आणि पहिलंच वाक्य असं बोला : "केमोचा पेशंट आहे, अमुक तारखेला डोस झाला, ताप इतका आहे." मग आम्ही सांगतो, थेट मिरजेला यायचं की जवळच्या रुग्णालयात पहिलं सलाईन लावून निघायचं. गाडी नसेल तर 108. अनोळखी रुग्णालयात गेलात तर रांगेत बसू नका, फाइल काउंटरवर ठेवून हेच वाक्य मोठ्याने म्हणा. आणि पुढच्या डोसच्या आधी मागचा ताप डॉक्टरांना सांगाच. "उतरला ना, मग कशाला सांगायचं" असं आई म्हणेल. तुम्ही सांगा. पेशी वाढवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते त्यावर ठरतं.

रात्री उशिरा फोन करायला लोक लाजतात आणि पहाटे चारला गंभीर पेशंट घेऊन येतात. दहाला केलेला फोन मला परवडतो.

प्रश्न : मी मिरजेत जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्रेस्ट केअर नर्स व्हायचं असेल तर काय शिकावं? घरचे म्हणतात कॅन्सर वॉर्ड नको. — एक विद्यार्थिनी

आधी रजिस्ट्रेशन करून वर्षभर सर्जरी किंवा मेडिसिनच्या वॉर्डात हात बसू दे. मग भारतीय नर्सिंग परिषदेचा ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, एक वर्षाचा. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये तो शिकवतात. फक्त स्तनाच्या कॅन्सरची नर्स असं वेगळं पद आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे, हे मात्र समजून घे. बाकीच्या ठिकाणी डे-केअरमधल्या सिस्टर स्वतःच्या वेळेतून हे काम करतात, आणि त्या शिकून तयार झाल्या की ड्युटी बदलून कॅज्युअल्टीत जातात. माझं भांडण याच्याशी आहे. पेशंट वर्षभर येत राहते आणि तिला ओळखणारी सिस्टर तीन महिन्यांत बदलते.

क्रिकेट बघतेस का? सिडनीला जानेवारीतल्या कसोटीत सगळं मैदान गुलाबी होतं. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज ग्लेन मॅकग्रा याची बायको जेन हिला स्तनाचा कॅन्सर होता. 2005 मध्ये त्या दोघांनी संस्था काढली, 2008 मध्ये जेन गेली. त्या कसोटीत जमणारा पैसा अशा नर्सच्या कामासाठी जातो आणि पेशंटला ती नर्स फुकट मिळते. आपली टीम तिथे गुलाबी टोप्यांसमोर खेळताना मी बघितली. तिथे लोकांनी नर्सच्या पगारासाठी पैसे गोळा केले, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे देणगी आली की यंत्र येतं, त्यावर नावाची पाटी लावता येते.

मुंबईतल्याच एका कामाचीही माहिती करून घे. टाटा मेमोरियलने 1998 पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली, दर दोन वर्षांनी, नुसत्या हाताने, मॅमोग्राफी न करता. 2021 मध्ये निकाल आला. तपासलेल्या बायकांचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. घरच्यांना हे वाचून दाखव. आणि नोकरी धरताना विचार, या जागेवरून बदली किती दिवसांनी करता?

प्रश्न : तपासणीसाठी मिरजेहून मुंबईला रेल्वेने जावं लागतं. कॅन्सर पेशंटला सवलत असते का? — मिरज

असते. उपचाराला किंवा फेरतपासणीला जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट. रेल्वेचा ठरलेला फॉर्म उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडून सही-शिक्क्यासह भरून घ्यायचा आणि तिकीट काढताना खिडकीवर द्यायचा. ऐनवेळी सहीचे डॉक्टर सुट्टीवर असतात, तेव्हा तारीख मिळाली त्याच दिवशी फॉर्म भरून घ्या.

(पुढच्या अंकासाठीची पत्रं 'सिस्टर' असं पाकिटावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. सोबत रिपोर्टची झेरॉक्स जोडलीत तर उत्तर देणं सोपं जातं. मूळ रिपोर्ट पाठवू नका.)